चहा घेतला की राहतं



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी उमेदवारीची दोन वर्षं काढली. रोग्याला ते दोन प्रश्न विचारत. काय होतंय, हा पहिला. काय केलं की बरं वाटतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आम्ही शिकाऊ पोरं वहीत उतरवून घ्यायचो, दुसऱ्याचं सोडून द्यायचो. ते रागावत नसत. न बोलता वही परत आमच्या हातात देत. आजचं माझं बोलणं त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. तो मी किती उशिरा मनापासून विचारायला लागलो, याची कबुलीही त्यात आहे.

आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, मी छत्तीस वर्षं दवाखाना चालवला. या काळात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्या कानावर पडायचंच बंद झालं. "सकाळपासून डोकं उठलंय डॉक्टर. चहा घेतला की राहतं." कुणी ठणकतं म्हणे, कुणी कपाळ धरतं म्हणे, कुणाचं डोकं चढे. बाजाराच्या दिवशी आलेली बाई असो, एस.टी.चा चालक असो की शाळामास्तर, वाक्याचा शेवट एकच. आणि मी काय करायचो? रक्तदाब बघायचो, डोळे तपासून या म्हणायचो, पित्ताची गोळी द्यायचो, आणि वर सांगायचो की चहा बंद करा, चहानेच पित्त होतं. चार दिवसांनी तोच माणूस परत यायचा. "तुमच्या शब्दाखातर चहा सोडला, तर डोकं जास्तच उठलं." मला वाटायचं, याला चहा सोडायचा नाही म्हणून हा सबब सांगतोय.

तो सबब सांगत नव्हता. आजाराचं नाव तेवढं त्याला ठाऊक नव्हतं. बाकी सगळं निदान त्याने माझ्यासमोर ठेवलं होतं.

वैद्यकात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे. डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ वापरतात, त्यात कॅफीन तुटल्यामुळे होणाऱ्या डोकेदुखीची स्पष्ट व्याख्या दिलेली आहे. माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेत असावा, ते थांबावं किंवा लांबावं, चोवीस तासांच्या आत डोकं दुखायला लागावं, आणि १०० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेल्यावर तासाभरात ते राहावं. किंवा कॅफीन पूर्ण सोडल्यावर सात दिवसांत आपोआप मिटावं. आता हे शास्त्रीय शब्द बाजूला ठेवा आणि बाजारातल्या त्या बाईचं वाक्य आठवा. चहा घेतला की राहतं. व्याख्येतली शेवटची अट ती चार शब्दांत सांगून गेली होती.

विषयात शिरण्याआधी तुम्हाला आपल्या भुईकोट किल्ल्यात घेऊन जातो. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना त्याच दिवशी इथे आणलं गेलं. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव, आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी १९४४ साली या किल्ल्यात 'भारताचा शोध' लिहिला, हे नगरच्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मौलानांनी इथेच लिहिलेलं पुस्तक मात्र आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. त्याचं नाव 'गुबार-ए-खातिर'. हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या मित्राला उर्दूत लिहिलेली ही पत्रं. टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही ती लिहिली गेली आणि १९४६ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. त्यात इतिहास आहे, तत्त्वज्ञान आहे, संगीत आहे, किल्ल्यातल्या चिमण्या आहेत. आणि चहा आहे. मौलाना पहाटे तीन-चारला उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करून घेत. चिनी चहा, मोगऱ्यासारखा वास असलेला, दुधाचा थेंब नसलेला. दूध घालून उकळलेल्या आपल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. त्या पहाटेच्या चहावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

याच माणसाची दुसरी गोष्ट ऐका. १९४३ च्या वसंतात त्यांच्या पत्नी, झुलेखा बेगम, कलकत्त्यात मरणपंथाला लागल्या होत्या. सरकारकडे काही मागणं असेल तर ते पोचवतो, असं तुरुंगाधिकारी सांगून गेला. मौलानांनी काहीही मागितलं नाही. ९ एप्रिलला त्या गेल्या; पतिपत्नींची भेट झाली नाही. ज्याने पत्नीच्या अखेरच्या भेटीसाठीही परक्या सरकारपुढे शब्द टाकला नाही, त्याला मनाचा दुबळा कोण म्हणेल? त्या माणसालाही पहाटेचा चहा लागत होता. म्हणून माझ्यासमोर बसलेली एखादी सून जेव्हा ओशाळून सांगते, "मला मेलीला चहाचं व्यसनच आहे," तेव्हा मला मौलाना आठवतात. शरीराने एखादा पदार्थ धरून ठेवणं ही वेगळी गोष्ट, मनाचा कणा मोडणं वेगळी. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि लाज वाटून डॉक्टरला खरं सांगत नाही.

त्याच १९४२ साली, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेले गांधीजी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहीत होते. चहा, कॉफी आणि कोको यांची शरीराला गरज नाही, असं त्यांनी त्यात बजावलं. एका लढ्याचे दोन सेनापती, एकाच सरकारचे कैदी, सव्वाशे किलोमीटरच्या अंतरावर, चहाबद्दल इतके वेगळे. आणि पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, अमेरिकेत ड्राइसबाख आणि फायफर या दोन संशोधकांनी निरोगी माणसांना काही दिवस चढत्या मात्रेने कॅफीन दिलं, मग ते एकदम थांबवलं, आणि त्यांच्यात जोराची डोकेदुखी उठलेली नोंदवली. चहा-कॉफी चुकली की डोकं दुखतं हे जगभरच्या स्वयंपाकघरांना आधीच माहीत होतं. प्रयोगशाळेने त्यावर मोहोर उमटवली.

आता हे होतं कसं, ते सांगतो. कॅफीन हा पदार्थ जर्मनीतल्या फ्रीडलीप रुंगं या रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून वेगळा काढला. पुढे काही वर्षांनी चहातूनही असाच पदार्थ निघाला, त्याला वेगळं नाव दिलं गेलं, आणि १८३८ मध्ये कळलं की दोन्ही एकच. चहातलं कॅफीन वेगळं आणि कॉफीतलं वेगळं, असं आजही काही जण मानतात, तसं नाही.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूच्या पेशी काम करतात आणि त्या कामातून ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते ठरावीक जागी जाऊन बसलं की मेंदू मंदावतो, जांभई येते, झोप येते. कॅफीनचा रेणू दिसायला ॲडेनोसिनसारखा असतो. तो त्या जागी बसतो, पण मेंदूला झोपेचा निरोप देत नाही. माळीवाड्याच्या स्टँडवर एस.टी. लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? तसं समजा. जागेवर माणूस नाही, नुसता रुमाल आहे, पण आलेला प्रवासी उभाच राहतो. म्हणून चहाने थकवा जात नाही. थकव्याचा निरोप तेवढा पोचत नाही. तो अडतो तोवर तरतरी वाटते.

हे रोज घडायला लागलं की मेंदू त्यावर उपाय शोधतो. जागा नेहमीच अडलेल्या असतात, तर तो जास्तीच्या जागा तयार करतो. मग पूर्वीची तरतरी यायला दोनाऐवजी चार कप लागतात. आणि एखाद्या दिवशी रुमाल आलाच नाही तर? उभे असलेले सगळे प्रवासी एकदम आत घुसतात, वाढवलेल्या जागांवरही बसतात. अंग जड होतं, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, मळमळतं, काहींना ताप येणार असल्यासारखं अंग मोडून येतं. ॲडेनोसिनचं आणखी एक काम असतं: मेंदूकडच्या रक्तवाहिन्या ते रुंदावतं. कॅफीन त्या आवळून ठेवत होतं. ते उतरलं की वाहिन्या फुलतात, रक्ताचा ओघ वाढतो, आणि कपाळात घण पडायला लागतात. साधारणपणे शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांनी हे सुरू होतं, एक-दोन दिवसांत शिगेला पोचतं आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९२ साली ६२ साध्या निरोगी माणसांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ही माणसं दिवसाला सरासरी २३५ मिलिग्रॅम कॅफीन घेणारी, म्हणजे अतिरेकी नव्हेत. त्यांना दोन दिवस कॅफीनच्या गोळ्या आणि दोन दिवस तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. कोणती कधी, हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं आणि देणाऱ्यालाही. पोकळ गोळीच्या दिवसांत निम्म्याहून अधिक लोकांना मध्यम ते तीव्र डोकेदुखी झाली. "चहा नाही मिळाला म्हणून मनाचे खेळ आहेत" असं घराघरांत म्हटलं जातं. चहा मिळाला की नाही हेच ज्यांना माहीत नव्हतं, त्यांचीही डोकी उठली.

२०० मिलिग्रॅम म्हणजे किती चहा? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-सूचनांप्रमाणे १५० मिलिलिटरच्या कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाला ३०० च्या वर जाऊ नये, असं त्या सांगतात. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीबरोबर एक, दहा-अकराला कुणी आलं म्हणून एक, दुपारच्या झोपेनंतर एक, संध्याकाळी एक. आपल्याकडच्या साध्या घरातलं माणूस न मोजता २०० च्या पुढे जातं. काहींना तर दिवसाला १०० मिलिग्रॅम तुटल्यानेही त्रास झाल्याचं संशोधनात आढळलं आहे.

हा चहा आपल्याकडे आला कधी? आपल्या आज्या-पणज्यांच्या लहानपणी तो खेड्यातल्या चुलीवर नव्हता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर ग्रामण्य गुदरलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. वाद मिशनऱ्यांच्या हातचं घेण्याचा होता, तरी चहा तेव्हा किती परका होता तेही त्यातून दिसतं. पुढे १९०३ साली कायदा करून चहावर कर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. बाजारात, जत्रेत, रेल्वे स्टेशनावर चहा कसा करायचा ते दाखवत, फुकट पाजत. दोन पिढ्यांत तो आपला झाला.

आणि आपल्या जिल्ह्याने तो मनापासून आपला केला, याला कारण आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला आणि १९५० च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं. त्यामागून संगमनेर, कोपरगाव, राहुरी इथले कारखाने आले, आणि गावोगाव दूधसंस्था उभ्या राहिल्या. चहाची पत्ती आसामची, पण साखर आपली आणि दूधही आपलं.

ही साखर ज्यांच्या कोयत्याने येते, त्यांच्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण चहाचं खरं दुखणं मी त्यांच्यात पाहिलं. पाथर्डी, जामखेड, शेवगावकडून आणि शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या पडतात. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, पोरांचं बघते आणि चारला फडात जाते. तिच्या पोटात जातो तो चहा. कोरा, नाही तर नावापुरतं दूध घातलेला, साखर मात्र भरपूर. तिला भूक नाही असं नाही. चहाने भूक मरते आणि हात चालतात. दहा-अकरापर्यंत तिला त्या चहावर मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर वाहायच्या असतात.

अशी एक बाई माझ्याकडे तीन वर्षं प्रत्येक हंगामात डोकेदुखीसाठी आली. मी दर वेळी गोळ्या दिल्या. चौथ्या वर्षी तिला विचारलं, डोकं कोणत्या दिवशी दुखतं? ती म्हणाली, ज्या दिवशी पहाटे गाडी भरायला लावतात आणि चूल पेटवायला वेळ मिळत नाही त्या दिवशी. मी वहीत नोंदलेल्या तारखा आणि तिचं बोलणं जुळवून पाहिलं. तीन वर्षं मी तिच्या डोक्याचा इलाज करत होतो, आणि दुखणं होतं तिच्या न पेटलेल्या चुलीत.

तिचं रक्तही कमी होतं. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये, असं त्याच २०२४ च्या सूचनांत म्हटलं आहे. भाजी-भाकरीवर लगेच चहा पिणारी आणि वर लोहाची गोळी चहाबरोबर गिळणारी बाई सरकारी गोळीचा बराचसा गुण गमावून बसते. अंगात रक्त कमी म्हणून थकवा, थकवा म्हणून चहा, चहामुळे लोह कमी. हे चक्र तिच्या एकटीच्या निश्चयाने तुटणार नाही. तिला पहाटे भाकरीचा तुकडा, मूठभर शेंगदाणे आणि गूळ मिळाला पाहिजे, आणि तो खायला दहा मिनिटं मिळाली पाहिजेत. ऊसतोड कामगारांच्या आरोग्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही दहा मिनिटं मागितली पाहिजेत.

उपासाच्या दिवसांकडे वळतो. एकादशीला चहा चालतो असं आपण ठरवून टाकलंय, त्यामुळे एकादशीला डोकी फारशी उठत नाहीत. पण हरतालिकेला निर्जळी करणाऱ्या मुली-बायका, रमजानच्या पहिल्या दोन-चार दिवसांतले रोजेदार, पर्युषणात नुसत्या उकळलेल्या पाण्यावर अठ्ठाई करणारी आपली जैन मंडळी, या सगळ्यांकडून मी एकच तक्रार ऐकली आहे. संध्याकाळ झाली की कपाळ फुटतं. ज्यूंच्या योम किप्पुरच्या उपासातली डोकेदुखी आणि रमजानमधली डोकेदुखी, दोन्हींची वैद्यकीय नियतकालिकांत नोंद आहे. सगळा दोष कॅफीनचा नव्हे. पाणी कमी पडतं, साखर उतरते, झोप मोडते. पण रोजचे पाच कप ज्या दिवशी शून्यावर येतात त्या दिवशी त्यांचा वाटा मोठा असतो. यात देवाची परीक्षा नाही आणि श्रद्धेची कसरही नाही. उपासाच्या दोन आठवडे आधीपासून चहा उतरवत आणला तर तो दिवस पुष्कळ सुसह्य जातो. सहेरीला घेतलेला अर्धा कपही कामी येतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी हेच घडतं आणि तिथे ते जास्त त्रासाचं असतं. "रात्री बारानंतर पाणीसुद्धा नको" असं सांगितलेला रोगी संध्याकाळी सहाला शेवटचा चहा पितो. त्याचा नंबर दुपारी दोनला लागतो. वीस तास झाले. डोकं ठणकतं, उलटीची भावना होते, रोगी घाबरतो, नातेवाईक घाबरतात. शस्त्रक्रियेनंतरच्या डोकेदुखीचा रोजच्या कॅफीनशी संबंध असतो, हे नव्वदच्या दशकातच दाखवून झालं आहे. भूलशास्त्राचे आजचे आंतरराष्ट्रीय नियम निरोगी माणसाला भुलेच्या दोन तास आधीपर्यंत स्वच्छ पातळ पेयं घेऊ देतात, आणि त्या यादीत बिनदुधाचा कोरा चहा बसतो. दूध घातलं की तो अन्नात जमा होतो, मग सहा तास थांबावं लागतं. किल्ल्यातल्या मौलानांचा चहा भूलतज्ज्ञाला चालला असता, आपला चालत नाही. म्हणून भरती होताना भूलतज्ज्ञाला स्पष्ट विचारा: मला रोज इतका चहा लागतो, सकाळी कोरा चहा घेऊ का? ते जे सांगतील तेच करा, मनाने काही घेऊ नका, पण विचारा. आणि पाठीतून भूल दिल्यावर बसलं-उठलं की वाढणारी डोकेदुखी निराळी असते, तीही त्यांना सांगा. दोन्ही एकाच बाळंतिणीला होऊ शकतात.

आता माझी कबुली. डोकेदुखीवर मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफीन घातलेलं असतं. सॅरिडॉनमध्ये असतं, अ‍ॅनासिनमध्ये असतं, पाकिटावर छापलेलंही असतं. वेदनाशामकाचा गुण त्याने वाढतो, म्हणून घालण्यात गैर काही नाही. पण ज्याचं डोकं कॅफीन तुटल्याने दुखतंय त्याला ती गोळी लागू पडते तेव्हा डोकेदुखी बरी होत नसते. तुटलेला चहा गोळीच्या रूपाने पुन्हा जोडला जात असतो. मी अशा गोळ्या वर्षानुवर्षं लिहून दिल्या. रोगी खूष होता, मीही खूष होतो. अशा मिश्र गोळ्या महिन्याला दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर गोळ्यांचीच डोकेदुखी जडते. माझे काही रोगी तिथवर पोचले. किराणा दुकानात सुटी गोळी घेऊन शेतावर जाणारी माणसं त्यात होती. त्यांना तिथवर पोचवण्यात माझा हात होता, आणि हे मी आज या व्यासपीठावरून बोलतो आहे कारण समोर तरुण डॉक्टर बसले आहेत.

मग चहा हे व्यसन म्हणायचं का? आपला जिल्हा व्यसनमुक्तीच्या कामाने देशाला माहीत झालेला. राळेगणसिद्धीने दारू हद्दपार केली, हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत नशाबंदी आली. या गावांमध्ये पाहुण्याला चहा मिळतो, आणि मिळावा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या आपल्या निदानग्रंथात कॅफीन तुटल्याचा त्रास आजार म्हणून नोंदवला, पण कॅफीनचं व्यसन हे निदान अधिक अभ्यासासाठी राखून ठेवलं. मला हा विवेक पटतो. चहाने कुणाचं घर बसत नाही, बायकोवर हात उठत नाही, जमीन गहाण पडत नाही. दारूच्या ओळीत त्याला बसवलं तर दारूविरुद्धच्या लढ्याची धार बोथट होते. कॅफीन औषधही आहे. महिने न भरता जन्मलेलं बाळ श्वास घ्यायला विसरतं, तेव्हा नवजात अतिदक्षता कक्षात त्याला कॅफीनच देतात आणि ते तगतं.

गर्भारपणाची गोष्ट मात्र वेगळी. एरवी शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला सुमारे पाच तास लागतात. शेवटच्या महिन्यांत त्याला तिप्पट वेळ लागू शकतो. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं. युरोपातले तज्ज्ञ २०० वरच थांबायला सांगतात. सुनेला डोहाळे लागलेत, हवा तेवढा चहा घेऊ दे, असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हे प्रेमाने सांगा.

ज्याला चहा कमी करायचा आहे त्याने एका रात्रीत कप पालथा घालू नये. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत जावं, संध्याकाळचा आधी, पहाटेचा सर्वांत शेवटी. दोन-तीन आठवड्यांत माणूस डोकं न उठता खाली येतो. पत्ती कमी करून गवती चहा आणि आलं वाढवलं तर जीभही फारशी कुरकुरत नाही. गवती चहात कॅफीन नसतं. रविवारी उशिरापर्यंत झोपल्यावर डोकं दुखत असेल तर शनिवारच्या शेवटच्या कपापासून किती तास झाले ते मोजा. उत्तर बहुतेक तिथेच सापडेल.

आणि एक ताकीद. प्रत्येक डोकेदुखी चहाची नसते. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठणं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं. गर्भवतीची डोकेदुखी आणि अंगावर सूज. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी. यात चहा करून बघत बसू नका. गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

बाकीच्यांसाठी माझं मागणं लहान आहे. इथे बसलेल्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि गावोगावच्या आशाताईंनी डोकं धरून आलेल्या प्रत्येक माणसाला गोळी देण्याआधी एवढं विचारावं: दिवसाला चहा किती घेता, आणि शेवटचा कधी घेतला? आणि जे उत्तर मिळेल ते वहीत लिहून घ्यावं.